पडद्यावरचं सुतक

आमचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा लेप. बाबा वर्षातले आठ महिने खाणीत चिरे काढायचे, त्या चिऱ्यांनी लोकांची घरं उभी राहायची, आणि दिवाळी झाली की आई आमच्या कुडाला पुन्हा शेणमाती लिंपायला बसायची. हे मी कौतुकानं सांगत नाही. गरिबीचं कौतुक करणारे लोक मला आवडत नाहीत. त्यातले बहुतेक चिऱ्याच्या घरात वाढलेले असतात.

आमची वाडी देवरूखपासून आत, चालत दीड तासावर. खाली वहाळाकाठी थोडं भात, वर डोंगराच्या उतरणीवर नाचणी. माघ महिना लागला की भाताची कणगी तळाला जायची आणि मग सकाळ-संध्याकाळ आंबील. बाबांच्या हाताची बोटं चिऱ्याच्या धुळीनं कायमची तांबडी झाली होती. जेवताना भातावर तो रंग उतरतो असं मला लहानपणी वाटायचं, आणि मी त्यांच्या ताटातलं खात नसे. त्याची लाज मला पुढे पुष्कळ वाटली, पण तेव्हा वाटली नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सातवीत शाळा सोडून तो मुंबईला गेला. तिथं आमच्या वाडीतल्या चाकरमान्यांची एक खोली होती, तीत तीसेक बाप्ये पाळीपाळीनं झोपायचे. दादा गिरणीत बदली कामगार होता. काम मिळालं तर मिळालं. मग ती गिरणी बंद पडली आणि दादाची पत्रं यायची थांबली.

मी शाळेत हुशार होते. हे मीच सांगते, कारण तेव्हा दुसरं कोणी सांगितलं नाही. दहावी झाले तशी बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, मला रत्नागिरीला घेऊन आली. ती विधवा, मिरकरवाड्याच्या चढावर एका खोलीत राहायची आणि कोळंबी सोलायला जायची. बर्फातली कोळंबी. पहाटे मीही तिच्याबरोबर बसायचे, आठ वाजता हात चिंचेनं चोळून धुवायचे आणि कॉलेजात जायचे. चिंचेनं वास जातो असं म्हणतात. जात नाही. माझ्या बाकावर पहिली दोन वर्षं कोणी बसलं नाही. मी पहिला नंबर काढल्यावर वह्या मागायला मात्र सगळ्या आल्या, आणि तेव्हा कोणाच्या नाकाला काही झालं नाही.

अशी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत आले. एक वर्ष राहिलं होतं. आणि त्याच शिमग्यात घरच्यांनी माझं लग्न ठरवलं.

मुलगा मुंबईला गोदीत होता. त्याला वडील नव्हते, सगळं बघायचा तो त्याचा चुलता. उन्हाळ्यातही छत्री घेऊन फिरणारा गृहस्थ. आमच्या पडवीत बसून त्यानं चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला आणि लग्न वैशाखात करायचं असं सांगितलं. मी दाराआडून बाहेर आले. मुलीनं असं बाहेर यायचं नसतं, पण मी आले आणि म्हटलं, "मला एक वर्ष द्या. पुढल्या एप्रिलात परीक्षा आहे. मग लग्न."

चुलत्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांना म्हणाला, "आमच्या घरात बारावीची सून नाय, मंग बी.ए. घेऊन काय करायची? पत्र वाचता आलं म्हंजे झालं."

"तिकडं गेल्यावर परीक्षा देईल," बाबा म्हणाले.

"तिकडं गेल्यावर भाकऱ्या करील," चुलता म्हणाला, आणि पडवीतले चार गावकर हसले.

बाबांनी मान खाली घातली आणि नारळ हातात घेतला. आमच्याकडे चार गावकरांसमोर नारळ घेतला की शब्द दिला. दिलेला शब्द माणूस फिरवू शकत नाही. फक्त देव फिरवू शकतो. हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात इतकंच होतं की चार वर्षं बर्फात हात घातले, आणि एका वर्षासाठी सगळं कोळंबीच्या सालांबरोबर समुद्रात जाणार.

त्या लग्नाला घाई होती याचं एक कारण दादा होता, ते आता सांगते.

शिमग्याच्या थोडं आधी दादाचं पत्र आलं होतं. आमच्या घरी पत्र वाचायचं काम माझं. दादानं लिहिलं होतं: 'मी पिच्चरमध्ये आलो आहे. पोलीसचा पिच्चर आहे. इन्स्पेक्टर साहेबाच्या शेजारी जीपमध्ये आहे. हातात बंदूक आहे. रत्नागिरीला लागला की बघा.' खाली त्या पिक्चरचं नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही. त्याची तेवढी लायकी नाही.

मी वाचलं ते एवढंच. पण पत्र आमच्या घरून शेजारी गेलं, तिथून विहिरीवर गेलं, आणि विहिरीवरून परत आलं तेव्हा दादा फौजदार झाला होता. आई कोणाला काही सांगायची नाही, पण कोणी "फौजदाराची आई" म्हटलं की घागर भरून झाली तरी दोन मिनिटं उभी राहायची. चुलत्याच्या कानावर हे गेलं आणि तो छत्री घेऊन आला. साखरपुड्यात तो चारचौघांत म्हणाला, "सूनबाईचा भाऊ फौजदार. पिच्चरमधला का असंना."

एप्रिलच्या शेवटी माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि रत्नागिरीत रिक्षा फिरायला लागली. रिक्षाला भोंगा, भोंग्यातून पिक्चरचं नाव आणि 'पोलीस आणि टोळीवाल्यांचा जबरदस्त मुकाबला'. मी वाडीत निरोप पाठवला. पाठवायला नको होता असं तेव्हा वाटलं, नंतर मत बदललं.

वाडी दुपारच्या खेळाला आली. एस.टी.नं तीसेक माणसं, बायकांनी लग्नातली लुगडी नेसलेली. आईनं ओटीत एक नारळ आणला होता. "हा कशाला गो?" आत्यानं विचारलं. आई म्हणाली, "असंना." चुलताही आला होता, आपल्या गावचे तीन मानकरी घेऊन. तो बाल्कनीत बसला. आम्ही खाली, आणि आमच्या मागं मिरकरवाड्याचे खलाशी.

आता पिक्चर. मी नंतरच्या आयुष्यात बरेच वाईट पिक्चर पाहिले, पण याच्याइतका दळभद्री नाही. त्यातल्या पोलीस ठाण्यात एक टेबल, एक टेलिफोन आणि भिंतीवर भारताचा नकाशा. ज्या टोळीला पकडायचं ती एका शहरातली, पण साहेब छडी फिरवायचा काश्मीरपासून. कोठडीचे गज कैद्यानं धरले की हलायचे. टोळीचा म्होरक्या तळघरात बसायचा, ते तळघर म्हणजे लाकडी फळ्यांना चांदीचा कागद आणि वर लग्नाच्या मांडवातले रंगीत दिवे. म्होरक्या पांढरे बूट घालून फिरत्या खुर्चीत बसलेला असे. दर वेळी खुर्ची फिरवून मगच बोलायचा, जणू खुर्ची फिरवल्याशिवाय त्याला वाक्य आठवतच नव्हतं.

पोलिसांची जीप आणि टोळीची जीप एकच होती. डाव्या बाजूला पोचा होता, त्यावरून मी ओळखली. पोलिसांची असली की पाटी लावायचे, टोळीची असली की पाटी काढायचे.

पंधरा मिनिटांत होडीचा सीन आला. टोळीवाले सोन्याच्या पेट्या होडीतून पळवताहेत, पोलीस किनाऱ्यावरून गोळ्या झाडताहेत, आणि होडी म्हणे जोरात पळतेय. मागचा एक खलाशी शांतपणे म्हणाला, "अरे, पयला नांगर तरी उचला."

आणि खरंच होडीच्या तोंडाशी नांगराची दोरी ताठ ताणलेली होती. कॅमेरा हलवून होडी पळवत होते.

"आणि ते सोनं बघ," दुसरा म्हणाला, "एका हातानं पेटी उचलतोय. माझी बायको म्हावऱ्याची पाटी याच्यापेक्षा जड उचलते."

बाबा कधी बोलत नाहीत. पण पुढे हाणामारी सुरू झाली, एकानं दुसऱ्यावर भला मोठा चिरा फेकला, तो डोक्याला लागून जमिनीवर पडला आणि टुणकन उडाला. तेव्हा बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "चिऱ्याला उसळी नसते." दोन वर्षांत बाबा माझ्याशी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य असेल.

दादा कुठं आहे म्हणून सगळे शोधत होते. जीप आली की तीस माना पुढं. मग गोदामात पत्ते खेळत बसलेले चार गुंड दिसले, आणि त्यातला एक, पट्ट्यांची बनियन घातलेला, दादा होता.

"बाळा," आई म्हणाली. हळूच, घरात हाक मारावी तशी.

इन्स्पेक्टरनं दार तोडलं, दादाला एक थोबाडीत दिली, दादा मागच्या खोक्यांवर पडला. इन्स्पेक्टरनं गोळी झाडली. दादा मेला. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल.

बाल्कनीतून चुलत्याचा खोकला ऐकू आला. मग पलीकडची एक काकी म्हणाली, "हा तो नसल. तेच्यासारखा दिसणारा असल."

काकीचं खरं ठरलं असं वाटायला लागलं, कारण दहा मिनिटांत दादा जीपमध्ये दिसला, पत्रात लिहिलं होतं तसा. हवालदाराची टोपी, ढगळ पट्टा, हातात बंदूक. वाडीनं श्वास सोडला. पण पुढल्या रिळात तळघराच्या दाराशी दाढी लावलेला एक पहारेकरी उभा होता आणि त्याची मान खाजवायची पद्धत दादाची होती. त्यालाही मारला. मग बाजारात चाकू घेऊन धावणारा एक जण, तोही दादा. त्याचं काय झालं ते कळलं नाही, मधेच रीळ तुटलं.

तेव्हा मी मोजलं. टोळीत सगळी मिळून अकरा माणसं होती. शहरातले सगळे पोलीस मिळून अकराच. आणि ती अकरा माणसं तीच होती. टोपी घातली की कायदा, टोपी काढली की गुन्हा. एका ठिकाणी तर दादानं हवालदार म्हणून गोळी झाडली आणि पुढल्याच क्षणी मिशी लावून तीच गोळी छातीवर घेतली. कायदा-सुव्यवस्थेवर मी इतिहासाच्या पेपरात पुष्कळ लिहिलं होतं, पण इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं.

इथपर्यंत मी हसत होते. आत्यानं मला दोनदा कोपर मारलं.

मग हवालदार दादा मेला. म्होरक्यानं इन्स्पेक्टरवर चाकू फेकला आणि दादा मधे आला. इन्स्पेक्टरनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाला, मी बदला घेईन. इथं दादाला बोलायला काहीतरी होतं, कारण त्याचे ओठ हलले, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा आला. इन्स्पेक्टरनं हातानं त्याचे डोळे मिटले. एवढ्यावर थांबले असते तर माझं लग्न वैशाखात झालं असतं.

पण ते थांबले नाहीत. दादाला पांढऱ्या कापडात गुंडाळला, गळ्यात झेंडूचा हार घातला, लाकडं रचली आणि त्यावर निजवला. तोंड उघडं होतं. दादाचंच तोंड, डाव्या भुवईवर लहानपणी विळा लागल्याची खूण. इन्स्पेक्टरनं चितेला अग्नी दिला. ज्वाळा वर आल्या आणि ज्वाळांच्या मागं दादाचं तोंड दिसत राहिलं.

आई उभी राहिली. थेटरातल्या अंधारात ती उभी राहिली आणि तिच्या ओटीतला नारळ खाली पडून उतारावरून गडगडत पडद्याकडे गेला. मागच्या खलाशांपैकी कोणी "बसा" म्हटलं नाही. ती रडली, ते घरात माणूस गेल्यावर बाई रडते तसं. आजूबाजूच्या बायकाही रडल्या. ते खोटं होतं हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रडल्या.

बाहेर आलो तर लख्ख ऊन. चुलता आपल्या मानकऱ्यांसह उसाच्या गाड्यापाशी उभा होता. त्याचं तोंड पडलं होतं, पण रस संपेपर्यंत त्यानं ते सावरलं. बाबांना म्हणाला, "मला एक सांगा, तुमचा पोरगा नक्की पोलीस की गुंड?"

"मजूर," बाबा म्हणाले.

चुलत्यानं रिकामा पेला गाड्यावर ठेवला. "ठीक हाय. आता सगळ्यांत बोललोय. वैशाखात लगीन ठरलंय ते ठरलंय."

म्हणजे पिक्चरनं माझं काही केलं नव्हतं. त्या गाड्यापाशी उभी राहून मला अगदी स्पष्ट कळलं की आता मी काही केलं नाही तर कोणी करणार नाही. आणि तिथं मी जे केलं ते आजवर घरातल्या तिघांखेरीज कोणाला ठाऊक नाही.

आत्या गाड्यापासून बाजूला, सावलीत उभी होती. मी तिच्याजवळ गेले आणि साध्या आवाजात विचारलं, "आत्या, दादाला अग्नी दिलेला सगळ्या वाडीनं बघितला. आता तीन आठवड्यांत त्याच दारात मांडव. ते चालतं ना?"

आत्यानं मान वळवली. "काय बोललीस?"

"काही नाही. विचारलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. आत्या अडाणी होती, पण मूर्ख नव्हती. मग तिनं पदर खोचला, गाड्यापाशी गेली आणि चुलत्याच्या तोंडावर म्हणाली, "वैशाख-बिशाख नंतर. आधी देवीला इचारायचं."

एस.टी. स्टँडवर तासभर वाद झाला. चुलता म्हणाला, "अहो बाई, पोरगा जिता हाय. त्याचं पत्र आलंय."

"जिता हाय म्हणून तर इचारायचं. मेला असता तर इचारायचं काय? वरीसभर मांडव नाय हे शेंबड्या पोराला कळतं."

"पिच्चरमधला अग्नी तो."

"लाकडं खरी होती," आत्या म्हणाली. "हार खरा होता. तोंड माझ्या भाच्याचं होतं. आणखी काय खरं पायजे तुला?"

यावर चुलत्याचे मानकरीच मान हलवायला लागले. शिकलेला माणूस या ठिकाणी हसेल. मीही मनात हसत होते. पण हसणं आणि आडवं येणं यात फरक आहे, आणि मी आडवी आले नाही.

दोन दिवसांनी ग्रामदेवीच्या देवळात कौल लावला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माणसाच्या आयुष्याचा निकाल दोन पाकळ्यांच्या ओलाव्यावर. लग्न, घर, कोर्टातली केस, सगळं तसंच ठरायचं. मी तिसऱ्या बेंचवर बसून विवेकवादाच्या नोट्स उतरवून घेतलेली मुलगी, पण त्या सकाळी डाव्या पाकळीकडे जितकं टक लावून पाहिलं तितकं कुठल्याही फळ्याकडे पाहिलं नाही.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "आई, आज जे लेकरू तुझ्या दारात इलंय, तेच्या घरच्या पोराला पडद्यावर अग्नी दिलेला गावानं बघितलान. पोर खुशाल हाय. तर ह्या वैशाखात त्या घरात मंगलकार्य करावं की नको, तो निवाडा दे."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. चुलत्यालाही म्हणावं लागलं.

पाकळ्या हलेनात. उन्हाळ्याचे दिवस, घंटेचा आवाज थांबला, बाहेर कोणाची तरी गाय हंबरली. चुलता म्हणाला, "वारा नाय म्हणून..." त्यावर गुरव म्हणाला, "देवीला वारा लागत नाय."

डावी पडली.

"पुन्हा लावा," चुलता म्हणाला. पुन्हा लावली. पुन्हा डावी. मग एका गावकरानं विचारायला लावलं की वर्ष उलटल्यावर चालेल का. पाकळी लावून गुरवाचा हात मागं आला न आला तोच उजवी खाली.

देवीला तो पिक्चर कळला असेल तर तिला एकटीलाच कळला असेल. मी तेव्हाही देवीवर विश्वास ठेवला नाही आणि आजही ठेवत नाही. गुरवाच्या बोटाला त्या दिवशी घाम जास्त होता की कमी, मला ठाऊक नाही. पण वर्षाचा शब्द मिळाला होता आणि तो कोणाचा बाप फिरवू शकत नव्हता.

घरी परत येताना बाबा माझ्या पुढं चालत होते. पाणंदीत थांबले. मागं न बघता म्हणाले, "तू आत्याला काय इचारलंस ते तिनं मला सांगितलान."

मीही थांबले.

"देवाला खोटं घातलं नायस ना?"

"नाही. फक्त विचारलं."

"मंग झालं," बाबा म्हणाले आणि चालायला लागले.

चुलता वर्षभर थांबला नाही. तुळशीचं लग्न झाल्याबरोबर त्यानं पुतण्याचं लग्न दुसरीकडे लावून दिलं. मुलगी चौथी शिकलेली होती असं कळलं. तिला पत्र वाचता येत असेल अशी आशा आहे.

त्याआधी, गणपतीत, दादा घरी आला. दारात पाय ठेवायच्या आधी आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी ओतलं आणि तीन वेळा त्याच्या नावानं हाक मारली. तिन्ही वेळा त्याला "ओ" म्हणायला लावलं. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा चिडला, तिसऱ्यांदा तिच्या तोंडाकडे बघून नीट "ओ" म्हणाला.

दुपारी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. तो म्हणाला, "कसा वाटलो मी?"

"चार वेळा मेलास. चौथ्यांदा बरा मेलास."

"तो सीन माझा सगळ्यात मोठा." त्यानं उजवा पाय पुढं केला. टाचेवर भाजल्याची खूण होती, आगपेटीएवढी. "दुसऱ्याला निजवणार होते, तो घाबरून पळाला. मी म्हटलं मी निजतो. साहेब म्हणाला, खोकलास तर तुला काढून दुसरा घालीन. धूर नाकात जात होता. मी खोकलो नाय."

मला यावर काहीतरी तिखट बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण त्या टाचेकडे बघून मी गप्प बसले. ज्यांनी हा पिक्चर काढला, त्या पांढऱ्या बुटांच्या लोकांविषयी माझं मत त्या दिवशी जे झालं ते अजून तसंच आहे. अकरा गरीब पोरांना आळीपाळीनं चोर आणि शिपाई करायचं, एकमेकांना मारायला लावायचं, एकाला खऱ्या लाकडांवर निजवायचं, आणि वर भोंग्यातून सांगायचं की कायद्याचा विजय झाला.

मग मी त्याला गाड्यापाशी काय विचारलं ते सांगितलं. त्यानं पाय मागं घेतला.

"म्हंजे माझ्या मरणावर तू बी.ए. होणार."

"हो."

"मग नापास होऊ नकोस," दादा म्हणाला. "पुन्हा मरायला मला जमायचं नाय. मी सोडलं ते काम."

त्यानं खरंच सोडलं. पुढं तो एका गॅरेजात लागला. मी पहाटेची कोळंबी आणि मग कॉलेज असं आणखी एक वर्ष काढलं. शेवटच्या वर्षी माझ्या बाकावर दोघी बसायच्या. त्यातल्या एकीनं मला चिंचेऐवजी राख लावून बघ असं सांगितलं. राखेनंही वास जात नाही.

एप्रिलात परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या वाडीत बी.ए. झालेलं पहिलं माणूस मी, बाई-बाप्ये सगळे धरून.